इपोच्या इंजेक्शनाऐवजी गोळी : पेशीला ऑक्सिजन कमी झाल्याचं कळतं तरी कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वडील 62 वर्षांचे, मधुमेहामुळे किडन्या निकामी, आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. इपो, म्हणजे शरीराला तांबड्या पेशी बनवायला सांगणारं किडनीतलं संप्रेरक, त्याच्या इंजेक्शनाचा डोस वाढवूनही हिमोग्लोबिन 8 च्या आसपास अडकलंय. डॉक्टरांनी इपोच्या इंजेक्शनाऐवजी डेसिड्युस्टॅट नावाची गोळी सुचवली आणि सांगितलं, ‘ही गोळी शरीराला ऑक्सिजन कमी असल्याचं भासवते, मग शरीर आपणहून रक्त तयार करतं.’ हे ऐकून तुम्ही धास्तावलात. ज्याला जिना चढताना धाप लागते, त्याच्या शरीराला आणखी ऑक्सिजन कमी असल्याचं कशाला भासवायचं? आणि शेवटी विचारलंत, की मुळात पेशीला ऑक्सिजन कमी आहे हे कळतं तरी कसं?

आधी धास्ती दूर करते. या गोळीनं रक्तातला ऑक्सिजन तसूभरही कमी होत नाही. वडिलांच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडा गोळी सुरू केल्यावरही तोच राहील. ‘भासवते’ हा शब्द चुकीचा नाही, पण अपुरा आहे, आणि गोळीचा खरा फायदा व खरी जोखीम दोन्ही त्या अपुरेपणात हरवतात. गेली 24 वर्षं मी किडनीच्या रुग्णांवर उपचार करते आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं, तर गोळीबद्दल डॉक्टरांना काय विचारायचं हे तुमचं तुम्हालाच सुचेल. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

ऑक्सिजन मोजणारं एखादं मीटर शरीरात असेल असं आपल्याला वाटतं, आणि तसं एक आहेही. मानेत, जबड्याच्या कोनाखाली जिथे बोटाला नाडी लागते, तिथे मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीला दोन फाटे फुटतात. त्या बेचक्यात तांदळाच्या दाण्याएवढी एक गाठ असते, कॅरोटिड बॉडी. रक्तातला ऑक्सिजन घसरला की तिथल्या पेशी मज्जातंतूमार्फत मेंदूतल्या श्वसनकेंद्राला कळवतात आणि काही सेकंदांत श्वास वाढतो. मानेतल्या या यंत्रणेचा श्वासाशी असलेला संबंध उलगडला म्हणून बेल्जियमच्या कोर्नेय हेमान्स यांना 1938 चं नोबेल मिळालं. लेहला विमानानं उतरलेल्या माणसाचा श्वास पहिल्याच तासात खोल होतो, तो या गाठीमुळे. तिथे, साडेतीन हजार मीटरवर, हवेतल्या ऑक्सिजनचा दाब मुंबईपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी असतो.

पण या गाठीच्या मर्यादा आपण सगळ्यांनी 2021 मध्ये पाहिल्या. ऑक्सिमीटरवर 80 च्या खालचा आकडा आणि माणूस मात्र निवांत फोनवर बोलतोय, असे कोविडचे रुग्ण तेव्हा दिसत होते. कारण धाप लागल्याची जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे किंवा फुप्फुसं ताठ झाल्यामुळे होते. नुसत्या ऑक्सिजनच्या घसरणीला ही गाठ आकडा 90 च्या खाली जाईपर्यंत फारशी दाद देत नाही. शिवाय तिचं काम श्वासापुरतं. रक्त वाढवणं, नव्या रक्तवाहिन्या काढणं, पेशीनं आपली चूल बदलणं ही कामं तास-दिवसांच्या हिशेबानं चालतात आणि त्यांचा मामलाच वेगळा आहे.

त्याचा पहिला धागा हाती लागला दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात. 1890 मध्ये फ्रांस्वा-जिल्बेर व्हियो हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ मोरोकोचा या सुमारे 4,400 मीटर उंचीवरच्या खाणीच्या गावी गेले. तिथे तीन आठवड्यांत त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी घन मिलिमीटरला 50 लाखांवरून 70 लाखांच्या वर गेल्या. (सुरुवातीच्या दिवसांतली वाढ बरीचशी रक्तातलं पाणी कमी झाल्यामुळे दिसते. नव्या तांबड्या पेशी तयार व्हायला वेळ लागतो. पण पुढची वाढ खरी असते.) 1906 मध्ये पॅरिसमध्ये पॉल कार्नो आणि क्लोतिल्द देफ्लांद्र यांनी रक्त काढलेल्या सशाचा सीरम दुसऱ्या सशाला टोचला आणि दुसऱ्याच्या तांबड्या पेशी वाढल्याचं नोंदवलं. म्हणजे रक्तात काहीतरी निरोप फिरत होता. तो किडनीतून निघतो हे 1957 मध्ये शिकागोत लिऑन जेकबसन आणि युजीन गोल्डवासर यांच्या गटानं दाखवलं. आणि तो निरोप, म्हणजे एरिथ्रोपोएटिन, थोडक्यात इपो, शुद्ध रूपात हाती यायला 1977 उजाडलं. त्यासाठी जपानमधल्या कुमामोतोच्या अॅप्लॅस्टिक अॅनिमियाच्या, म्हणजे अस्थिमज्जा रक्त बनवेनाशी झालेल्या, रुग्णांची 2,550 लिटर लघवी गोळा करून आटवावी लागली, आणि त्यातून निघालं जेमतेम काही मिलिग्रॅम. आज डायलिसिस युनिटच्या फ्रिजमध्ये इपोच्या सिरिंजा रांगेनं ठेवलेल्या दिसतात, तेव्हा मला त्या रुग्णांची आठवण होते.

आता, हे काम किडनीकडेच का आलं? हा माझा फार आवडता मुद्दा आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळते. दोन्ही किडन्या मिळून वजन 300 ग्रॅमच्या आसपास, पण हृदयातून मिनिटाला निघणाऱ्या पाच लिटर रक्तातलं लिटरभर रक्त त्यांच्याकडे येतं. किडनीला ऑक्सिजन लागतो तो मुख्यतः गाळून गेलेलं मीठ परत आत ओढायला. समजा किडनीकडे येणारं रक्त कमी झालं. मग गाळणं कमी, परत ओढायचं मीठ कमी, म्हणून ऑक्सिजनचा खर्चही कमी. आवक आणि खर्च दोन्ही एकदम घटल्यामुळे ऊतीतला ऑक्सिजन फारसा हलत नाही. हृदयाचं किंवा पायाच्या स्नायूचं तसं नाही. तिथला ऑक्सिजन व्यायामानं हलतो, रक्तप्रवाहानं हलतो, कशानंही हलतो. किडनीच्या बाहेरच्या थरातला ऑक्सिजन हलतो तो प्रामुख्यानं एकाच कारणानं : रक्तच कमी ऑक्सिजन घेऊन येतंय. म्हणजे हवेत तो कमी आहे, किंवा वाहून आणणाऱ्या तांबड्या पेशी कमी आहेत. तांबड्या पेशी किती असाव्यात हे ठरवायला याहून योग्य जागा शरीरात नाही.

पण तरीही मूळ प्रश्न उरतोच. किडनीतल्या त्या पेशीला ऑक्सिजन घसरल्याचं समजतं कसं? तिथे ना डोळा, ना नाक.

1990 च्या दशकात तीन माणसं तीन वाटांनी इथे पोहोचली. बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये ग्रेग सेमेन्झा इपोच्या जनुकाभोवतीचा डीएनए तपासत होते. त्यातल्या एका छोट्या तुकड्यावर ऑक्सिजन कमी असतानाच येऊन बसणारं प्रथिन त्यांना 1992 मध्ये सापडलं. त्याचं नाव ठेवलं हायपॉक्सिया इंड्युसिबल फॅक्टर, आपण हिफ म्हणू. ऑक्सफर्डमध्ये पीटर रॅटक्लिफ याच जनुकाच्या मागे होते. ते मुळात किडनीचे डॉक्टर, आमच्याच शाखेचे, याचा मला अभिमान वाटतो. 1993 मध्ये दोन्ही गटांना एक अनपेक्षित गोष्ट दिसली : ही यंत्रणा इपो बनवणाऱ्या पेशींपुरती नाही. ज्या पेशींचा इपोशी काडीचा संबंध नाही, अशाही पेशींत ती चालू होती. म्हणजे ऑक्सिजन ओळखणं ही किडनीची खास विद्या नसून शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीची ती अंगभूत जाण आहे. किडनी फक्त त्या जाणिवेचं रूपांतर इपोत करते.

तिसरे बोस्टनचे विल्यम केलिन, कर्करोगतज्ज्ञ. त्यांचा विषय व्हॉन हिपेल-लिंडाऊ हा आनुवंशिक आजार. यात डोळ्याच्या पडद्यात, लहान मेंदूत आणि किडनीत रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेल्या गाठी होतात, आणि काही रुग्णांचं हिमोग्लोबिनही वाढतं. आजूबाजूला ऑक्सिजन भरपूर असताना या गाठींतल्या पेशी गुदमरल्यासारख्या वागतात, हे केलिन यांनी हेरलं. या आजारात बिघडणाऱ्या जनुकाला व्हीएचएल म्हणतात. या तिघांना 2019 चं नोबेल विभागून मिळालं.

आता गाभ्याकडे येते. आपली अटकळ अशी असते, की ऑक्सिजन कमी झाला की पेशी जागी होते आणि हिफ तयार करायला घेते. प्रत्यक्षात उलटं आहे. हिफचा मुख्य भाग, हिफ-अल्फा, पेशी कायमच तयार करत असते. आत्ता तुमच्या बोटाच्या कातडीतही तो तयार होतोय. आणि तयार होताक्षणी मोडीतही निघतोय. ऑक्सिजन व्यवस्थित असताना त्याचं अर्धायुष्य पाचेक मिनिटांचं असतं.

मोडीत काढण्याची रीत अशी. हिफ-अल्फा ही 826 अमिनो आम्लांची माळ आहे. त्यातल्या 402 आणि 564 क्रमांकाच्या मण्यांवर, दोन्ही प्रोलिन, प्रोलिल हायड्रॉक्सिलेज नावाचं विकर (एन्झाइम) एक खूण करतं. ती खूण म्हणजे ऑक्सिजनचाच अणू. श्वासातून आलेल्या ऑक्सिजनच्या रेणूचे दोन अणू वेगळे होतात : एक त्या प्रोलिनवर चिकटतो, दुसरा पेशीच्या चयापचयातल्या 2-ऑक्सोग्लुटारेट नावाच्या रेणूवर जातो. ही खूण दिसली की व्हीएचएल प्रथिन हिफला पकडतं, त्यावर युबिक्विटिनची चिठ्ठी लावतं आणि पेशीतल्या मोडीत काढणाऱ्या यंत्राकडे पाठवतं. केलिन आणि रॅटक्लिफ यांच्या गटांनी 2001 मध्ये एकाच वेळी हे प्रसिद्ध केलं, आणि मी तो लेख वाचला तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडल्यासारखं झालं होतं. ऑक्सिजन आहे हे दुसऱ्या कुणी येऊन सांगायचंच नसतं. तो स्वतःच्या अंगानं हजेरी लावतो.

ऑक्सिजन कमी झाला की हजेरी लागेनाशी होते. खूण नाही, म्हणून व्हीएचएल पकडत नाही, म्हणून हिफ साठतं, केंद्रकात जातं, आपल्या जोडीदार प्रथिनाचा हात धरून डीएनएवर बसतं आणि शेकडो जनुकं चालू करतं. लोकलच्या मोटरमनचं डेडमॅन हँडल असंच असतं. ते दाबून धरलं आहे तोवर गाडी धावते, हात सुटला की आपोआप ब्रेक लागतो. मोटरमनला काही झालंय हे कुणी धावत जाऊन सांगायची गरज पडत नाही.

सतत बनवायचं आणि सतत मोडायचं, ही उधळपट्टी नाही का, असं विद्यार्थी मला विचारतात. विचार करा : ऑक्सिजन संपत आलेला असताना पेशीनं जनुक चालू करायचं, त्याची नक्कल काढायची, प्रथिन विणायचं, हे सगळं ऊर्जेची तंगी असताना करायचं. त्यापेक्षा मोडणं थांबवलं की काही मिनिटांत साठा तयार. संकटासाठी सर्वांत स्वस्त तयारी हीच.

आणखी एक बारकावा, जो पाठ्यपुस्तकं दोन ओळींत उरकतात. पेशीत ऑक्सिजन सर्वांत जास्त वापरतं ते मायटोकॉन्ड्रिया, पेशीचं ऊर्जाघर. मग तिथूनच ऑक्सिजन का मोजला जात नाही? कारण मायटोकॉन्ड्रियातलं शेवटचं विकर ऑक्सिजनला इतकं घट्ट धरतं, की ऑक्सिजन अगदी तळाला जाईपर्यंत त्याचा वेग बदलतच नाही. पंगतीत ताटातला शेवटचा घास संपेपर्यंत एकाच वेगानं जेवणाऱ्या माणसाकडे बघून आत स्वयंपाकघरात भात किती उरलाय याचा अंदाज येत नाही. प्रोलिल हायड्रॉक्सिलेजची ऑक्सिजनवरची पकड सैल आहे. आपल्या ऊतींमध्ये नेहमी जेवढा ऑक्सिजन असतो, त्या टप्प्यात तो थोडा घसरला तरी याचा वेग थोडा घसरतो. म्हणून मापक म्हणून हेच कामाचं. वाईट विकर, उत्तम मीटर.

हिफ जागं झाल्यावर पेशी काय करते? एकीकडे पुरवठा वाढवायच्या मागे लागते : किडनीत इपो, इतरत्र व्हीईजीएफ, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारं प्रथिन. दुसरीकडे स्वतःची गरज कमी करते. ग्लुकोज आत घेणारी दारं वाढवते आणि ऑक्सिजनविना ऊर्जा काढायच्या जुन्या वाटेवर जास्त भर देते. त्यात भर म्हणजे, मायटोकॉन्ड्रियाकडे जाणारा कच्चा माल मुद्दाम अडवते, म्हणजे तिथे ऑक्सिजन जळणं कमी होतं. आणि हिफ ज्या जनुकांना चालू करतं त्यांत खुद्द प्रोलिल हायड्रॉक्सिलेजचंही जनुक आहे. म्हणजे ऑक्सिजन परत आला की हिफला आवरायला विकराची जास्तीची फौज आधीच तयार असते.

(वनस्पतींमध्ये याच कल्पनेची वेगळी आवृत्ती आहे. तिथे ऑक्सिजन प्रोलिनऐवजी प्रथिनाच्या टोकाच्या सिस्टीनवर खूण करतो. ऑक्सिजन आहे तोवर प्रथिन मोडीत, पाण्याखाली ऑक्सिजन संपला की ते टिकतं आणि रोप तग धरायच्या कामाला लागतं. दोन स्वतंत्र वाटांनी जीवसृष्टी एकाच युक्तीपाशी आली, हे मला विलक्षण वाटतं.)

आता तुमच्या वडिलांकडे वळते. त्यासाठी आमच्या शाखेतली एक जुनी गोष्ट सांगते. इपो हे औषध 1989 मध्ये आलं. त्याआधी डायलिसिसच्या रुग्णाला रक्त चढवत राहणं एवढंच हाती होतं, आणि त्यातून लोहाचा साठा, कावीळ, प्रत्यारोपणाला अडथळा आणणारी प्रतिपिंडं असे प्रश्न उभे राहायचे. त्या काळात काही ठिकाणी अॅनिमियासाठी कोबाल्ट क्लोराइड देत. त्यानं हिमोग्लोबिन खरोखर वाढायचं, पण का ते कुणाला ठाऊक नव्हतं. हृदयावर आणि थायरॉइडवर विषारी परिणाम दिसले आणि ते बंद झालं. उत्तर हिफमध्ये होतं. प्रोलिल हायड्रॉक्सिलेजच्या पोटात लोहाचा एक अणू असतो आणि त्याशिवाय ते चालत नाही. कोबाल्ट तिथे घुसून विकर बंद पाडायचा. विकर बंद, खूण नाही, हिफ शिल्लक, इपो वाढलं. म्हणजे आज जी गोळी तुम्हाला सुचवली आहे, तिचा एक आडदांड आणि घातक पूर्वज आम्ही नकळत वापरून बसलो होतो.

डेसिड्युस्टॅट, रॉक्साड्युस्टॅट, डाप्रोड्युस्टॅट, व्हाडाड्युस्टॅट या सगळ्या गोळ्या हेच काम नेमकेपणानं करतात. विकरात 2-ऑक्सोग्लुटारेटची जी जागा असते, ती त्या अडवतात. रॉक्साड्युस्टॅटला चीननं 2018 च्या शेवटी मान्यता दिली. डेसिड्युस्टॅट अहमदाबादच्या झायडसनं विकसित केली आणि भारतात तिला मार्च 2022 मध्ये मान्यता मिळाली, डायलिसिसवर असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही रुग्णांसाठी. चाचण्यांमध्ये ती आठवड्यातून तीनदा देण्यात आली होती.

पण किडनीच निकामी असेल तर इपो येणार कुठून? हा प्रश्न मलाही बरीच वर्षं पडलेला होता, आणि उत्तरानं चकित केलं. आम्ही शिकलो तेव्हा समज असा होता, की इपो बनवणाऱ्या पेशी किडनीबरोबर मरून जातात. 2010 मध्ये जर्मन संशोधकांनी या गटातली एक प्रायोगिक गोळी डायलिसिसच्या रुग्णांना दिली. ज्यांच्या आजारी किडन्या शरीरात होत्या त्यांच्यात इपो निरोगी माणसांपेक्षाही जास्त वाढलं. ज्यांच्या दोन्ही किडन्या काढलेल्या होत्या त्यांच्यातही वाढलं, कारण यकृतालाही थोडंफार इपो बनवता येतं. म्हणजे कारखाना पूर्ण बंद पडलेला नसतो. बिघाड बराचसा मापकात असतो. आजारी किडनी फार गाळत नाही, म्हणून मीठ परत ओढायचं काम नाही, म्हणून ऑक्सिजनचा खर्च नाही. रक्त पातळ झालेलं असूनही त्या पेशींपर्यंत टंचाईची झळ पोहोचत नाही. मागे सांगितलेला किडनीचा तोच उत्तम हिशेब इथे उलटतो.

तुमच्या डॉक्टरांच्या ‘भासवते’चा नेमका अर्थ हा. गोळी ऑक्सिजन काढून घेत नाही, ती हजेरी पुसते. आणि हजेरी एकट्या किडनीत लागत नाही, ती प्रत्येक पेशीत लागते. इपोचं इंजेक्शन मुख्यतः अस्थिमज्जेशी बोलतं. गोळी सगळ्या शरीराशी बोलते. तिचं चांगलं आणि वाईट दोन्ही इथून निघतं.

चांगलं म्हणजे लोह. हिफचा परिणाम आतड्यातून लोह शोषण्यावर आणि साठ्यातून बाहेर काढण्यावरही होतो, आणि लोहाला कुलूप लावणारं हेप्सिडिन कमी होतं. ज्यांच्या अंगात सतत दाह (इन्फ्लमेशन) असतो, इपोचा डोस वाढवत नेला तरी हिमोग्लोबिन हलत नाही, अशा काही रुग्णांना याचा उपयोग होतो. इंजेक्शन टोचायची आणि फ्रिजमध्ये सांभाळायची कटकट नाही, हे खेड्यात राहणाऱ्यांसाठी लहानसहान नाही. पण अंगात लोहच नसेल तर गोळीही काही करू शकणार नाही. तिच्या आधी फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोहाच्या दोन तपासण्या झाल्या आहेत का, विचारा. आणि घरी बीट-डाळिंबाचा रस सुरू असेल तर आजच बंद करा. डायलिसिसच्या रुग्णाला त्यातून रक्त मिळत नाही, मिळतं ते पोटॅशियम. वाढलेल्या पोटॅशियममुळे हृदयाचे ठोके बिघडलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

जोखमीचं समजायला निसर्गानंच केलेले दोन प्रयोग बघा. रशियात व्होल्गाकाठच्या चुवाश लोकांत व्हीएचएल जनुकाचा एक विशिष्ट बदल आढळतो. तो आई आणि वडील दोघांकडून आला, तर हिफ नीट मोडीत निघत नाही. त्या माणसांना गाठी होत नाहीत, पण हिमोग्लोबिन जन्मभर चढलेलं राहतं आणि रक्ताच्या गुठळ्या होऊन आयुष्य घटतं. दुसरं उदाहरण तिबेटी पठारावरचं. 4,000 मीटरवर राहूनही तिथल्या लोकांचं हिमोग्लोबिन फार चढत नाही, कारण हिफच्याच दुसऱ्या प्रकाराचं, हिफ-2-अल्फाचं, जनुक त्यांच्यात बदललेलं आहे. हा बदल त्यांच्या पूर्वजांना डेनिसोव्हन या लुप्त मानवाकडून मिळाला, हे 2014 मध्ये पुढे आलं. याउलट अँडीजमध्ये अनेकांचं हिमोग्लोबिन इतकं वाढतं, की रक्त दाट होऊन मोंगे रोग होतो. उंचीवर सर्वांत जुने, सर्वांत चांगले रुळलेले लोक रक्त जास्त वाढवत नाहीत. मला हे नेहमी लक्षात ठेवावंसं वाटतं, कारण रुग्णांचे नातेवाईक 14 हिमोग्लोबिनची मागणी करतात. इपोच्या मोठ्या चाचण्यांनी 2006 आणि 2009 मध्ये दाखवून दिलं, की किडनीच्या रुग्णांत हिमोग्लोबिन 13 च्या पुढे रेटलं तर हृदयविकार किंवा पक्षाघात वाढतो. तुमच्या वडिलांसाठी 10 ते 11.5 पुरे आहे.

गोळी सुरू करण्यापूर्वी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. मधुमेहात तिथे आधीच नाजूक नव्या रक्तवाहिन्या उगवलेल्या असू शकतात, आणि व्हीईजीएफ हे हिफचं थेट अपत्य आहे. पूर्वी कर्करोग झाला असेल किंवा आत्ता एखादी गाठ तपासली जात असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. अनेक गाठी हिफच्याच जोरावर रक्तवाहिन्या ओढून घेतात. किडनीच्या अशा कर्करोगासाठी हिफ-2 अडवणारं बेलझुटिफान हे औषध वापरतात. अमेरिकेत 2021 मध्ये त्याला पहिली मान्यता मिळाली ती व्हीएचएलच्या आजारासाठी. त्याचा सर्वांत ठळक दुष्परिणाम काय? हिमोग्लोबिन घटणं. एकाच दोरीची ही दोन टोकं. वडिलांच्या किडन्यांत वंशानं आलेल्या पाण्याच्या गाठी असतील, तर तेही बोला, कारण त्या वाढण्याची शंका घ्यायला जागा आहे. फॉस्फरस कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर दोन्हींच्या वेळा विचारून घ्या. या गटातल्या काही गोळ्यांचं शोषण त्यांच्यामुळे कमी होतं.

सुरुवातीचे दोन-तीन महिने हिमोग्लोबिन दर दोन ते चार आठवड्यांनी तपासा. मी स्वतः ते महिन्याला 1 ते दीडहून जास्त चढू देत नाही. भराभर चढलं की आनंद होतो, पण रक्तदाब आणि गुठळ्यांची जोखीम त्याच भराभर चढण्यात असते. इपोवर हिमोग्लोबिन ठीक राहत असेल आणि इंजेक्शनाचा त्रास नसेल, तर केवळ नवीन म्हणून गोळीकडे वळा असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही लिहिलंय तसं इपो वाढवूनही आकडा 8 लाच अडकला असेल, लोह पुरेसं असेल, आणि डोळे व कर्करोगाची बाजू स्वच्छ असेल, तर डॉक्टरांनी सुचवलेला मार्ग मला योग्य वाटतो.

आणि एक करा. हाताच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी रोहिणी आणि नीला जोडून केलेल्या जागेवर, बोटं ठेवून थरथर लागते का, हे वडिलांना रोज सकाळी उठल्या उठल्या पाहायला शिकवा. दाट होत जाणारं रक्त सर्वांत आधी तिथेच गोठू शकतं. थरथर लागली नाही तर पुढच्या डायलिसिसच्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर, त्यांना युनिटमध्ये घेऊन जा. पहिल्या काही तासांत फिस्टुला वाचवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.